बारा मिलिमीटरचं पोलाद आणि तीस सेकंदांची उडी

आधी आकडे बघा. पुलाच्या डांबराचा सगळ्यात खालचा सेल (म्हणजे हिशोबासाठी पाडलेला छोटा काप) आणि त्याच्याखालची पोलादी प्लेट, या दोघांच्या तापमानातला फरक, दर 30 सेकंदांनी, रस्त्याच्या तापमानाचा अंदाज काढणाऱ्या आमच्या मॉडेलच्या लॉगमधून (थोडे गोल केलेत): 0.02, उणे 0.08, 0.30, उणे 1.2, 4.6, उणे 18, 70, उणे 274. सात टप्पे, म्हणजे साडेतीन मिनिटं. त्यानंतर लॉगमध्ये नुसती नॅनची रांग (नॅन म्हणजे 'हा आकडाच नाही'), कारण रेडिएशनच्या हिशोबात तापमानाचा चौथा घात येतो आणि असल्या आकड्याचा चौथा घात काढायला गेलं की संपलंच.

मी कॅनडात असतो, आणि आमच्या छोट्या टीमचं काम हे की पुढच्या 24 तासांत रस्त्याचा पृष्ठभाग किती वाजता शून्याखाली जाणार ते सांगायचं, त्यावरून मिठाचे ट्रक कधी काढायचे ते ठरतं. याच कामासाठी इथलं सरकारी हवामान खात्याचं मेट्रो नावाचं मॉडेल आहे (आपली मेट्रो नव्हे हो), क्रेव्हिए आणि दलाज या दोघांनी 2001 साली त्यावर पेपर लिहिला, कोड सगळ्यांना खुला आहे. फिनलंडच्या हवामान संस्थेचं रोडसर्फ आहे. आमचं यापैकी कुठलंच नाही, आमचं घरचं आहे, मीच काही वर्षांपूर्वी लिहिलेलं, आणि हे वाक्य लक्षात ठेवा कारण शेवटी ते माझ्याच अंगावर येणारे.

मॉडेल अगदी साधं. रस्ता म्हणजे एकाखाली एक थर, डांबर, काँक्रीट, खडी, माती. प्रत्येक थराचे छोटे छोटे सेल पाडायचे, प्रत्येक सेलला एक तापमान, शेजाऱ्याकडून किती उष्णता आली आणि शेजाऱ्याला किती गेली ते मोजायचं, 30 सेकंद पुढे उडी मारायची, परत तेच. ही एक्सप्लिसिट पद्धत, म्हणजे आत्ताच्या तापमानांवरून पुढची तापमानं थेट. कोड वीस ओळींचा, कोणालाही कळतो. पण एक मेख असते, सेल फार पातळ केला तर 30 सेकंदांत शेजाऱ्याकडून त्याला इतकी उष्णता मिळते की तो शेजाऱ्याच्या तापमानापर्यंत न थांबता पलीकडे निघून जातो, पुढच्या टप्प्यात परत उलटा येतो आणि आणखी लांब जातो. झोपाळ्याला प्रत्येक फेरीला आपणच जास्त जोरात ढकलावं तसं.

याची मर्यादा पुस्तकात दिलेली असते. डिफ्युजिव्हिटी (त्या मालात उष्णता किती भरभर पसरते ते) गुणिले टाइम स्टेप (एका उडीचे सेकंद) भागिले जाडीचा वर्ग, हे अर्ध्याच्या वर जाता कामा नये. आम्ही डांबराची डिफ्युजिव्हिटी 0.38 चौरस मिमी प्रति सेकंद धरतो (कंडक्टिव्हिटी, म्हणजे उष्णता किती सहज वाहते ते, 0.8, आणि घनमीटरला 21 लाख जूल उष्णताधारकता), काँक्रीटची 1.05. तीस सेकंदांसाठी उलटं गणित केलं की डांबराचा सेल किमान 4.8 मिमी, काँक्रीटचा किमान 7.9 मिमी. म्हणून मी तेव्हा कॉन्फिगच्या (प्रत्येक ठिकाणचे थर आणि जाड्या भरायच्या फाइलच्या) तपासणीत सरळ ओळ टाकली होती की कुठलाही थर 1 सेंमीपेक्षा पातळ चालणार नाही, एरर. थोडं मार्जिन, विषय संपला. इतकी वर्षं संपलेलाच होता.

कोणी म्हणेल इतक्या पातळ सेलचा हट्ट कशाला, 5 सेंमीचे करा आणि निवांत झोपा. पण मग पृष्ठभागच हातचा जातो. दिवस-रात्रीची तापमानाची लाट डांबरात साधारण 10 सेंमीपर्यंत शिरते, ती 5 सेंमीच्या सेलमध्ये कशीबशी मावेल, पण दहा मिनिटं ढग आला आणि गेला तर त्याचा परिणाम जेमतेम 8-9 मिमी खोल पोचतो, आणि बर्फ धरायचा की नाही हे तिथेच ठरतं. पातळ करायला गेलं तर खर्च असा की जाडी अर्धी केली की टाइम स्टेप चौथाई करावा लागतो आणि सेल दुप्पट होतात, म्हणजे आठपट काम. त्यामुळे 1 सेंमी आणि 30 सेकंद हा संसार बरा जमला होता.

मग हा पूल आला. काँक्रीटचा नाही, पोलादी डेकचा, ज्याला ऑर्थोट्रॉपिक डेक म्हणतात, म्हणजे 12 मिमीची पोलादी प्लेट, खालून पोलादी पट्ट्यांनी ताठ केलेली, प्लेटवर 4 मिमीचं वॉटरप्रूफिंग मेंब्रेन आणि वर 5 सेंमी डांबर. डेक हलकं होतं म्हणून लांब गाळ्यांना सोयीचं, व्हँकुव्हरच्या लायन्स गेट पुलाचं जुनं डेक 2000-01 मध्ये बदललं तेव्हा असलंच बसवलं, आणि आपल्या अटल सेतूच्या समुद्रावरच्या लांब गाळ्यांनाही पोलादी ऑर्थोट्रॉपिक डेकच आहे, फक्त तिथे कोणाला बर्फाची काळजी नाही. इथे मात्र असला पूल म्हणजे डोकेदुखी, खाली जमीन नाही, वरून आणि खालून दोन्हीकडून गार होतो, बाजूचा रस्ता ओला असतो तेव्हा याच्यावर आरसा तयार.

कॉन्फिग भरायचं काम टीममधल्या नागपूरच्या पोराकडे होतं, हुशार आहे, घाईचा आहे. मेंब्रेन 4 मिमी टाकलं, माझ्या ओळीने एरर दिला. त्याने मेंब्रेन काढून टाकलं (मी हो म्हटलं होतं, हेही नोंदवून ठेवतो). पोलाद 12 मिमी, 1 सेंमीच्या वर, तपासणी पास. रन केलं आणि वरचा तमाशा.

"दादा, हे तर उडालं हो साडेतीन मिनिटात."

त्याने पुस्तकातलं सूत्र काढलं. पोलादाची डिफ्युजिव्हिटी 13 च्या आसपास, डांबराच्या पस्तीसपट, तीस सेकंदांना किमान जाडी येते 28 मिमी. आपली प्लेट 12 ची. झालं, कारण सापडलं, पोलादाचा थर पातळ पडतोय. मलाही पटलं. मी म्हटलं टाइम स्टेप कमी कर. 10 सेकंद केला तर चाललं, पण तो टाइम स्टेप सगळ्या साइटना एकच असतो, शेकडो साइट तिप्पट वेळ घेणार, आणि सकाळच्या रनला आमच्याकडे तेवढा वेळ नसतो. मग त्याने दुसरा मार्ग धरला, जाडी वाढवून बघितली. 20 मिमी, उडालं. 30 मिमी, जरा वेळ टिकलं, वीसेक मिनिटांनी उडालं. 40 मिमी, चाललं. सुरुवातीला थोडं थरथरलं मग शांत. आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी 40 मिमीचं पोलाद घेऊन पूल लाइव्ह गेला.

इथे खरं तर दोघांनी थांबायला हवं होतं, कारण खूण समोर पडली होती. सूत्र म्हणतं 28 मिमीला चालायला पाहिजे. मग 30 मिमी का उडालं? आम्ही म्हटलं असेल काही, खालची हवा असेल, मार्जिन असेल.

काही दिवसांनी रात्री ड्युटीवरच्या माणसाचा मेसेज, पूल तुमच्या वेळेच्या तासभर आधीच शून्याला टेकला, सेन्सर दाखवतोय, गस्तीची गाडी पण म्हणतेय पांढरं धरलंय. ट्रक निघाले, काही अपघात वगैरे झाला नाही, पण तासभर हा आमच्या धंद्यात मोठा आकडा आहे.

गणित पाठकोऱ्या कागदावर होतं. पाच सेंमी डांबराला एक डिग्री गार व्हायला चौरस मीटरमागे 1,05,000 जूल जावे लागतात, 12 मिमी पोलादाला 45,000, एकूण दीड लाख. आता पोलाद 40 मिमी केलं की त्याचेच 1,50,000 होतात, एकूण अडीच लाखाच्या वर. पुलातून चौरस मीटरला 100 वॉट निघून जात असतील तर खरा पूल ताशी 2.4 डिग्री गार होतो, आमचा कागदी पूल ताशी 1.4. तीन डिग्रीवरून शून्यावर यायला खऱ्याला सव्वा तास, आमच्याला दोन तास आठ मिनिटं. म्हणजे मॉडेल उडू नये म्हणून आम्ही पुलावर जवळपास तीन सेंमी पोलाद फुकट चढवलं होतं आणि ते पोलाद रात्रभर ऊब धरून बसलं होतं.

आणि गंमत बघा, मॉडेल उडालं असतं तर बरं झालं असतं, नॅन दिसला की माणूस निदान फोन तरी करतो. हे 40 मिमीवालं व्यवस्थित वक्र काढत होतं, गुळगुळीत, विश्वास बसावा असं.

आता मूळ दुखण्याकडे. रविवारी दुपारी मी प्रत्येक सेलची मर्यादा वेगळी काढायला बसलो. पुस्तकातलं जाडीच्या वर्गाचं सूत्र हे सगळे सेल सारखे आणि एकाच मालाचे असतील तर. थर वेगवेगळे असले की खरा प्रश्न असा विचारायचा, या सेलमध्ये उष्णता साठवायची जागा किती, आणि वरून-खालून मिळून ती किती वेगाने आत-बाहेर होऊ शकते. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की सेकंद येतात, आणि टाइम स्टेप त्याच्या आत ठेवला की काळजी नाही. ही अट जरा कडकच आहे, थोडी मोडली तरी कधीकधी चालून जातं, पण पाळली तर झोप लागते.

आता प्लेटला हे लावा. प्लेट हा एकच सेल, तिच्या पोटात पोलाद-पोलाद अशी देवाणघेवाणच नाही, वर डांबर आहे जे उष्णता मुश्किलीने सोडतं, खाली हवा. डांबराच्या सेलच्या मध्यापासून प्लेटच्या मध्यापर्यंत 5 मिमी डांबर आणि 6 मिमी पोलाद, दोघांचा रोध बेरीज करून उलटा केला तर 157 वॉट प्रति चौरस मीटर प्रति डिग्री. हवेचे धरा 10. प्लेटची जागा 45,000. भागाकार 270 सेकंद. म्हणजे 12 मिमी प्लेटला 30 सेकंद म्हणजे काहीच नाही, ती पातळ असल्यामुळे उडायचं कारणच नव्हतं! तो 28 मिमीचा नियम तेव्हा लागू झाला असता जेव्हा प्लेटचेच दोन-तीन काप केले असते. (6 मिमीचे दोन केले असते तर मर्यादा पावणेतीन सेकंदांच्या खाली आली असती, ते वेगळं.)

मग उडतंय कोण? मी कोड उघडला, दोन थरांच्या मधली कंडक्टिव्हिटी काढायची ओळ. माझीच ओळ.

दोघांची बेरीज, भागिले दोन.

सरासरी घेतली होती मी. डांबर 0.8, पोलाद 50, सरासरी 25.4. म्हणजे माझ्या मॉडेलच्या मते डांबर आणि पोलाद यांच्या मधला भाग हा अर्धा पोलादच आहे. घरात अर्ध्या इंचाचा पाइप आणि चार इंचाचा पाइप एकापुढे एक जोडले तर पाणी अर्ध्या इंचाच्या हिशोबानेच येणार, सव्वादोन इंचाच्या नाही, हे प्लंबरला सांगावं लागत नाही. उष्णतेचंही तसंच, रोधांची बेरीज होते, म्हणजे हार्मोनिक मीन (उलट्या आकड्यांची सरासरी काढून ती परत उलटी करायची) घ्यायचा आणि जाड्या वेगळ्या असतील तर जाडीच्या वजनाने. माझ्या सरासरीने तिथला प्रवाह 157 च्या ऐवजी 2,309 येत होता, जवळपास पंधरापट.

आणि उडत होतं ते प्लेटमुळे नाही, तर तिच्यावरच्या 1 सेंमीच्या डांबराच्या सेलमुळे. त्याची जागा 21,000, प्रवाह 2,309 अधिक वरच्या शेजाऱ्याचे 80, भागाकार 8.8 सेकंद. तीस सेकंदांच्या उडीत तो पार वाहून जातो. दोघांची जोडी मिळून हिशोब केला तर फरक प्रत्येक टप्प्याला उलट्या चिन्हाने जवळपास चौपट होतो, वरची रांग परत बघा, 0.30, उणे 1.2, 4.6, उणे 18, तंतोतंत तेच. पोलाद जाड केलं की मधलं अंतर वाढतं आणि तो खोटा प्रवाह हळूहळू उतरतो, 30 मिमीला गुणक उणे सव्वा, म्हणून सावकाश उडालं, 40 ला उणे पाऊण, म्हणून थरथरून शांत झालं. आमचा चारीच्या चारी रनचा अनुभव या एका ओळीत बसत होता आणि आम्ही मात्र पोलादाला दोष देत होतो.

ही ओळ इतकी वर्षं कशी खपली? कारण डांबर-काँक्रीटला खरं उत्तर 1.17 आणि माझं 1.5, पाव-एक पटीचा घोळ, सेन्सरच्या चुकीत मिसळून जातो. दोन्ही माल जवळजवळचे असले की सरासरी कुठली घेतली हे कळत नाही, साठपट फरकाचा माल आला की मग पितळ उघडं. किंवा पोलाद म्हणा.

सगळ्यात झोंबलं ते हे. ही हार्मोनिक मीनची गोष्ट सुहास पाटणकरांनी 1980 च्या त्यांच्या न्यूमेरिकल हीट ट्रान्सफरच्या पुस्तकात सुरुवातीच्या प्रकरणांतच, अगदी एका मितीच्या साध्या उदाहरणावर सांगून ठेवलीय, साधी सरासरी का चालत नाही हे सुद्धा. पाटणकर म्हणजे पुण्याच्या सीओईपीचे, पुढे मिनेसोटाला प्राध्यापक, जगभर सीएफडीवाले (द्रव-वायूंचे प्रवाह संगणकावर सोडवणारे) त्यांच्या नावाने काम करतात. मी पुण्यातच शिकलो, ते पुस्तक माझ्या शेल्फवर आहे, लायब्ररीचा शिक्का नाही, विकत घेतलेलं.

सोमवारी ओळ बदलली. 12 मिमी पोलाद, 30 सेकंद, शांत चाललं. मग मी म्हटलं आता ते मेंब्रेनही परत आणूया, ज्याला माझ्या 1 सेंमीच्या फाटकाने हाकललं होतं. मेंब्रेनची कंडक्टिव्हिटी 0.2 धरली तर 4 मिमीचा रोध 0.02 येतो, डांबराच्या त्या अर्ध्या सेलच्या तिप्पट. तो मध्ये घातला की 157 चा प्रवाह 38 वर येतो. चौरस मीटरला 50 वॉट खालून निघत असतील तर डांबराचा खालचा सेल आणि प्लेट यांच्यात मेंब्रेनशिवाय 0.3 डिग्री फरक, मेंब्रेनसकट 1.3. शून्याच्या रेषेवर खेळणाऱ्या माणसासाठी एक डिग्री म्हणजे चेष्टा नाही, आणि आम्ही तो थर पातळ आहे म्हणून काढून टाकला होता. उष्णता साठवायला तो खरंच नगण्य आहे, साडेसहा हजार जूलसुद्धा नाही, पण अडवायला तोच सगळ्यात मोठा. म्हणून त्याला सेल न देता नुसता रोध म्हणून दोन सेलच्या मध्ये बसवला. आणि गंमत म्हणजे वेगळा सेल दिला असता तरी नवीन हिशोबाने त्याची मर्यादा 40 सेकंद येते, म्हणजे 4 मिमीचा थर 30 सेकंदांत आरामात चालतो, माझ्या त्या एररच्या नाकावर टिच्चून.

तो एरर काढला. त्या जागी आता मॉडेल सुरू व्हायच्या आधी प्रत्येक सेलची जागा भागिले प्रवाह काढून सगळ्यात छोटा आकडा कुठल्या सेलचा ते छापतं, थराच्या नावासकट. कमी पडला तर तेवढ्याच साइटला टाइम स्टेप आपोआप लहान, बाकीच्यांना त्रास नाही.

पोराने विचारलं, "दादा, मग सरळ इम्प्लिसिटच काऊन नाही करत? ही भानगडच राहणार नाही ना."

बरोबर आहे (इम्प्लिसिट म्हणजे पुढची सगळी तापमानं एकमेकांवर अवलंबून धरून एकदम सोडवायची), आणि ते आता निम्मं झालंय. क्रँक आणि निकोल्सन यांची पद्धत 1947 ची आहे, तिरक्या तीन ओळींचं मॅट्रिक्स, थॉमसची पद्धत, खर्चही फार नाही, कितीही पातळ सेल करा उडत नाही. पण उडत नाही म्हणजे बरोबर आहे असं नाही, फार पातळ सेलला क्रँक-निकोल्सनमध्ये गुणक उणे एकच्या जवळ जाऊन बसतो, म्हणजे ढग सरला की पृष्ठभाग बराच वेळ वर-खाली डोलत राहतो, न वाढता, लवकर न विझता. म्हणून आम्ही पूर्ण इम्प्लिसिट घेतोय, अचूकता थोडी कमी पण डोलणं नाही. आणि मी त्याला हेही म्हटलं की आपण पहिल्या दिवसापासून इम्प्लिसिट असतो ना, तर ती सरासरीची ओळ अजून तिथेच असती, पंधरापट प्रवाह घेऊन गपचूप गुळगुळीत वक्र काढत. उडालं म्हणून सापडली.

तो हसला. मग त्याने सगळ्या साइटच्या कॉन्फिगमध्ये पोलाद शोधायची कमांड मारली, अजून कुठे 40 मिमी राहिलंय का बघायला. दोन पूल निघाले, दोन्ही जुने, दोन्हींना पोलाद 40 मिमी, आणि फाइल शेवटची बदलल्याची तारीख तो टीममध्ये यायच्या दोन वर्षं आधीची. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली, काही बोलला नाही. बदल करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं.